अठ्ठावीस इंची खूळ

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे जेवायला सवड नसते. दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स असतातच, शिवाय 1 नोव्हेंबर तोंडावर असतो. एकाला कर्नाटकाच्या स्थापनेचा, म्हणजे राज्योत्सवाचा लाल-पिवळा बॅनर हवा असतो, दुसऱ्याला बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा, म्हणजे काळ्या दिनाचा काळा. दोघेही एकाच बाकड्यावर बसून माझाच चहा पीत आपापलं प्रूफ तपासत असतात. 2016 साली ह्याच धांदलीत पुण्याहून भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं, ‘मामा, काम सोडा आणि हे बघा.’

26 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॅनोस पॅनाय यांनी ‘सरफेस स्टुडिओ’ नावाचा कॉम्प्युटर दाखवला होता. 28 इंची पडदा, जाडी साडेबारा मिलिमीटर. फ्लेक्सच्या फ्रेमला आम्ही जो लोखंडी पाइप लावतो, त्याहून बारीक. सगळा कॉम्प्युटर खालच्या डबीत आणि ती डबी मिठाईच्या बॉक्सएवढी. पण मी अडकलो ते बिजागरीवर. उभा पडदा हाताने जरा ढकलला की तो दोन चकचकीत दांड्यांवरून खाली येतो आणि टेबलावर 20 अंशांच्या उतारावर थांबतो. झटका नाही, दणका नाही. मग त्यावर पेन टेकवून चित्र काढायचं.

तेवढाच तुकडा मी किती वेळा मागे नेऊन पाहिला याचा हिशेब नाही. बाकड्यावरून आवाज आला, “काय बघूलालाय ओ एवढं? बॅनर झाला काय?”

त्यांना काय सांगणार? तो उतार माझ्या ओळखीचा होता. आमचे आप्पा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचं लिखाण, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं केलेलं. बारीक अक्षराचं काम असलं की घरी एक फळी होती, ती विटेवर टेकवून मांडी घालून बसायचे. विटेवर टेकवलेल्या त्या फळीचा उतार साधारण तेवढाच. मी दहावीपर्यंत त्याच फळीवर अक्षरं गिरवली, आणि नंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून माऊस धरला तो धरलाच. वीस वर्षं ‘क’ काढला नाही, फक्त टाइप केला.

किंमत पाहिली. 2,999 डॉलरपासून सुरू, वर 4,199 पर्यंत. तेव्हाच्या भावाने सगळ्यात साधं मॉडेलच दोन लाखांवर जात होतं, त्यात कर आणि आणण्याचा खर्च वेगळा. बायकोला व्हिडिओ दाखवला. तिने शांतपणे पूर्ण पाहिला आणि म्हणाली, “एवढ्यात दोन म्हशी येतील की ओ. दूध तरी देतील.” बारा दिवसांनी पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. लग्नपत्रिकांचे ॲडव्हान्स जुन्या नोटांत आलेले, त्या बदलायला बँकेच्या रांगेत उभा राहताना म्हशी आणि कॉम्प्युटर दोन्ही डोक्यातून गेले. खूळ मी गुंडाळून ठेवलं. टाकलं मात्र नाही.

मधल्या काळात मी काळ्या पाटीसारखा मिळतो तो पेन टॅब्लेट घेऊन पाहिला. त्यात पडदा नसतो. हात खाली टेबलावर, डोळे वर मॉनिटरवर. फोटोची कटिंग करायला तो छान. अक्षर काढायला लागलं की हात वेड्यासारखा होतो, कारण हाताला आपलीच रेघ दिसत नाही. आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं. सहा महिन्यांत त्यावर चहाचे कप ठेवायला लागलो.

2025 च्या जानेवारीत भाच्याचा फोन आला. पुण्यात एक छोटा ॲनिमेशन स्टुडिओ सामान विकत होता आणि त्यात दोन सरफेस स्टुडिओ होते. एक 2016 चा पहिला, दुसरा 2018 मध्ये आलेला ‘स्टुडिओ 2’. पहिला फारच स्वस्त देत होते. गंमत म्हणजे महिनाभर आधीच कंपनीने हे यंत्र बनवणं थांबवल्याची बातमी आली होती. 2022 मधला ‘स्टुडिओ 2 प्लस’ हा शेवटचा. म्हणजे मी ज्याच्यामागे आठ वर्षं होतो, ते माझ्या हाती येईपर्यंत जुन्या बाजारातलं झालं. पण आम्ही छपाईवाले. आमच्याकडे चाळीस वर्षांचं मशीनही तेल घालून चालतं.

स्वस्त पाहून पहिला घेतला असता तर फसलो असतो. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, त्याला विंडोज 11 चालत नाही, आणि विंडोज 10 चे अपडेट 2025 च्याच ऑक्टोबरात संपणार होते. स्टुडिओ 2 मधला प्रोसेसर सातव्या पिढीचा, आय 7-7820 एचक्यू. सातवी पिढीही नियमात बसत नव्हती, पण मायक्रोसॉफ्टने हा नग यादीत घेतला; तो त्यांच्याच यंत्रात होता ना. आपल्या घरच्या लग्नात एक खुर्ची राखून ठेवतात, तसं. शिवाय पहिल्यात फिरत्या डिस्कची जोडणी होती, दुसऱ्यात पूर्ण एसएसडी, म्हणजे न फिरणारा साठा. 16 जीबी रॅम, 1 टीबी साठा. एक लाख पाच हजारांवर सौदा ठरला.

शहाण्या माणसाने हे करू नये, हेही सांगून टाकतो. नुसता पेनचा पडदा, म्हणजे हुआयन किंवा एक्सपी-पेनचा बावीस इंची, ह्याच्या निम्म्याहून कमी पैशांत नवा मिळतो आणि जुन्या कॉम्प्युटरलाच जोडता येतो. कॉम्प्युटर म्हातारा झाला की तेवढाच बदलायचा. सरफेस स्टुडिओत पडदा आणि कॉम्प्युटर सयामी जुळ्यांसारखे आहेत. दुसऱ्या मशीनचं चित्र ह्या पडद्यावर घ्यायला आत येणारं कनेक्शनच नाही. खालची डबी थकली की एवढा सुंदर पडदाही बसला. मला हे सगळं माहीत होतं. हौसेला मोल नाही म्हणतात; माझ्या हौसेला मात्र होतं, एक लाख पाच हजार, त्यात भाच्याचे वीस उसने.

जुनं मशीन घ्यायला जाणाऱ्यांसाठी, मी काय तपासलं ते सांगतो. आधी पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून जवळून पाहिला. कुठे मेलेला ठिपका किंवा कडेला पिवळेपणा आहे का. पडदा दहा वेळा खाली-वर केला आणि मधेच हात सोडला. बिजागरी ठीक असेल तर तो सोडला तिथेच राहतो, इंचभरही घसरत नाही. मग पट्टी ठेवून पेनने अगदी सावकाश तिरक्या रेघा मारल्या, चारही कोपऱ्यांपर्यंत. सावकाश मारलेली रेघ नागमोडी येते का हे बघायचं. वेगात मारलेली सगळ्याच यंत्रांवर सरळ दिसते. थोडी लहर होती. ती आजही आहे, आणि स्पर्शाच्या काचेवर चालणाऱ्या ह्या जातीच्या पेनांत ती थोडीफार असतेच. शेवटी अर्धा तास एक व्हिडिओ रेंडरला लावून डबीवर हात ठेवून बसलो. गरम झाली, पंखा वाजला, बंद पडली नाही.

वजन साडेनऊ किलो. भाच्याच्या मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, बेल्ट लावून बसवला. साताऱ्यापर्यंत ठीक. कराडपासून पुढे रस्त्याचं काम चालू, डायव्हर्जनमागे डायव्हर्जन, प्रत्येक गचक्याला माझा हात मागे. भाचा म्हणाला, “मामा, बाळंतिणीला तरी एवढं जपत नाहीत.” कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, निपाणीत चहा घेतला तेव्हा कुठे पाठ टेकली.

दुकानात लावला आणि पहिल्या तासातच कळलं की टेबल चुकीचं आहे. पडदा साधारण दोन फूट रुंद. तो आडवा झाला की खालची कड थेट पोटाशी येते. माझं टेबल तीस इंच उंच. त्यावर पडदा ठेवून लिहायचं म्हणजे खांदे कानाला लागतात. दोन दिवस तसंच रेटलं, तिसऱ्या दिवशी मान वळेना. सुताराला बोलावून टेबलाचे पाय चार इंच कापायला लावले. तो कापता कापता विचारत होता, “एवढा मोठा टीव्ही झोपवून कशाला बघूलालाय?”

मग पेनचा सेल संपला.

ह्या पेनला चार ‘ए’चा सेल लागतो. रिमोटला लागतो तो तीन ‘ए’चा, हा त्याहूनही बारका. खडेबाजारापासून किर्लोस्कर रोडपर्यंत हिंडलो. प्रत्येक दुकानदार तीन ‘ए’चा काढून द्यायचा, मी नको म्हणालो की माझ्याकडे कीव करून बघायचा. एकाने समजावलंसुद्धा, “अहो, चार ‘ए’ म्हणजे मोठा असणार, बारका कसा असेल?” ऑनलाइन मागवला तर पाच दिवस. भाच्याने सांगितलं की नऊ व्होल्टचा चौकोनी सेल फोडा, आत असेच सहा बारके सेल असतात. मी सगळ्यात स्वस्त आणून पक्कडीने उघडला. आत एकावर एक रचलेल्या चपट्या काळ्या वड्या निघाल्या, भडंगाच्या पुडीसारखा कचरा टेबलभर. पुन्हा फोन. “अल्कलाईनचा आणायचा हो मामा, साधा नाही.” दुसरा आणला, जपून उघडला, आणि खरंच पत्र्याने एकमेकांना जोडलेले सहा लांबट सेल. त्यांतला एक घातला. पेन चालू झालं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मशीन आलं त्या दिवशीही झाला नव्हता.

आता अक्षराकडे येतो, कारण हे सगळं त्याच्यासाठी.

कोरलमध्ये मी टाइपसेटिंग करतो ते तसंच ठेवलं; श्रीलिपीचे जुने फॉन्ट, कन्नडला नुडी. अक्षर हाताने काढायला ‘क्रिता’ घेतलं, ते मोफत आहे. त्यातला चपट्या कलमाचा ब्रश घेऊन ‘अ’ काढला आणि तो इतका परका दिसला की मीच दचकलो. जिथे जाड यायला हवं तिथे बारीक, जिथे बारीक तिथे जाड. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. ब्रशचा कोन इंग्रजी कलमाचा होता. आपला बोरू कापताना त्याची जीभ उलट्या बाजूला तिरकी कापतात. लहानपणी आप्पा चाकूने बोरू कापायचे ते आठवून सेटिंगमधला कोन उलटा फिरवला, आणि ‘अ’ घरी आला. काना खाली येताना भरला, वेलांटी वर जाताना पातळ झाली.

मोठ्या पडद्याचा खरा फायदा इथे कळला. छोट्या टॅब्लेटवर अक्षर मनगटातून निघतं. इथे पडदा एवढा ऐसपैस की शिरोरेषा ओढायला खांद्यापासून हात हलतो. पाटीचं अक्षर खांद्यातूनच यायला लागतं, मनगटातून काढलेलं लांबून पाहिलं की भेदरलेलं दिसतं. दुसरं म्हणजे माप. ह्या पडद्यावर एका इंचात 192 ठिपके बसतात, आणि विंडोजमध्ये स्केल 200 टक्के ठेवलं की कागदावरचा इंच पडद्यावरही इंचच दिसतो. लग्नपत्रिका शंभर टक्क्यांवर उघडायची आणि छापलेली जुनी पत्रिका तिच्यावर ठेवायची, कडा जुळतात. दोन ए-4 पानं शेजारी शेजारी बसून जागा उरते. आता गिऱ्हाईक ‘अक्षर बारीक वाटतंय’ म्हणालं की मी वाद घालत नाही, त्याच्या मुलाची पत्रिका त्याच्यासमोर खऱ्या मापात झोपवतो.

सोबत एक गोल चकती मिळाली होती, ‘सरफेस डायल’. पडद्यावर ठेवून फिरवायची. व्हिडिओत तिने काय काय जादू केलेली, पण माझ्या कामात तिचं एकच ठाम काम निघालं. क्रितात 4 आणि 6 ह्या बटणांनी कागद डावी-उजवीकडे वळतो. मी चकतीचं फिरणं त्या बटणांना जोडलं. उजव्या हाताने अक्षर काढायचं, डाव्या हाताने कागद वळवायचा. बाकी वेळ ती गाण्याचा आवाज कमी-जास्त करते.

पहिलं मोठं काम आलं ते एका साडीच्या दुकानाचं. 2024 पासून पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या भागात. ह्यावर बेळगावात ज्याचं त्याचं मत आहे आणि ते तुम्हाला कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. माझ्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. कन्नड अक्षराची जोडाक्षरं खाली लोंबतात. ‘वस्त्र’ लिहिलं की त्याचे ‘त’ आणि ‘र’ ‘स’च्या पायाशी उतरतात. मराठीचं सगळं वर चढतं. ‘केंद्र’ म्हटलं की मात्रा आणि त्यावर अनुस्वार. कन्नड वर, मराठी खाली. म्हणजे वरच्याचे पाय आणि खालच्याचं डोकं नेमके मधल्या अंतरात आपटतात. टाइप करताना काय करायचो? दोन ओळींत अंतर वाढवायचो, की मराठी आपोआप आणखी बारीक व्हायची. गिऱ्हाईक नाराज, मी हतबल.

ह्या वेळी दोन्ही ओळी हाताने काढल्या. ‘स्त्र’चं शेपूट जिथे खाली आलं, तिथे मराठीत ज्या अक्षरावर काहीच नाही ते येईल अशी ओळ सरकवली. ‘केंद्र’ची मात्रा जरा तिरकी कलती ठेवून कन्नडच्या दोन अक्षरांमधल्या फटीत बसवली. कन्नड अक्षराच्या डोक्यावरची ती चोच, तलकट्टू, मला नीट येत नव्हती; मी ती शिरोरेषेसारखी सपाट ओढत होतो. शेजारच्या गल्लीतले एक कन्नड शाळेचे निवृत्त मास्तर येऊन बसले. त्यांनी पेन हातात घेतलं, भीत भीत टेकवलं, रेघ उमटल्यावर हसले आणि चोच कशी आधी जरा खाली दबून मग उजवीकडे वर उडते ते पंधरा-वीस वेळा काढून दाखवलं. ती सगळी पाखरं मी एका वेगळ्या लेयरवर जपून ठेवली आहेत.

एक त्रास मात्र जाईना. तळहात काचेला टेकला की पडदा त्याला बोट समजायचा आणि मधेच कागद सरकायचा. पेन जवळ असताना त्याने हाताकडे दुर्लक्ष करावं अशी सोय आहे, पण हात आधी टेकला आणि पेन नंतर आलं की फसतं. स्पर्श बंद केला की दोन बोटांनी मोठं-लहान करण्याची मजाही जाते. शेवटी सुती हातमोजा आणला, त्याची तीन बोटं कापली. घामाने काच चिकटायची तेही थांबलं. तीन आठवडे मी एका हातात मोजा घालून दुकानात बसत होतो. पोरं विचारायची, “क्रिकेट काय ओ काका?”

मग एक दिवस आप्पा दुकानात आले. वय अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात अजून स्थिर. ह्या मशीनबद्दल घरात रोज ऐकून ते कंटाळले असावेत. मी साडीच्या दुकानाची पाटी उघडली, आणि ‘व’ हे एक अक्षर खऱ्या मापात आणलं, एक फूट उंच. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पोट लहान झालंय ‘व’चं. लांबून वाटीसारखा दिसेल.” आणि पेन मागितलं.

पेन त्यांनी आधी बोटांत गोल फिरवून पाहिलं. चपटा ब्रश वळणावर बोटांत फिरवतात, म्हणजे रेघ हवी तशी बारीक होते. हे पेन दाब ओळखतं, कलही ओळखतं, पण स्वतःभोवती फिरवलेलं ओळखत नाही. आप्पांना ते दोन रेघांत कळलं. “हे आंधळं आहे या बाजूने,” म्हणाले आणि फिरवणं सोडून दिलं. मग म्हणाले, “दोरा मार की आधी.” खडूचा दोरा कुठून आणू? मी वर-खाली दोन निळ्या गाईड ओढून दिल्या. त्यांनी मान हलवली आणि इकडेतिकडे बघत विचारलं, “काठी?”

काठी म्हणजे ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून पेंटर मनगटाखाली आडवी धरतात ती. माझ्याकडे दोन फुटी लाकडी पट्टी होती. आप्पांनी ती डाव्या हातात धरली, एक टोक पडद्याच्या काळ्या कडेवर टेकवलं, उजवं मनगट तिच्यावर ठेवलं आणि ‘व’चं पोट एका दमात ओढलं. तळहात काचेला लागलाच नाही. कागद तसूभर हलला नाही. मोजा नाही, सेटिंग नाही. पन्नास वर्षं ज्याने ओल्या इनॅमलला हात लागू दिला नाही, त्याला ह्या पडद्याने बोट समजायचा प्रश्नच कुठे होता?

सहा अक्षरं काढून त्यांनी पेन खाली ठेवलं, ते पण आडवं नाही, टोक वर राहील असं पट्टीला टेकवून. मी सेव्ह केलं. पाटी त्याच आठवड्यात लागली, कन्नड माझं, मराठी आप्पांचं. गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं नाही. त्याने पैसे देताना एवढंच विचारलं की हा मराठीचा फॉन्ट कुठला, त्याच्या मेहुण्याला खानापुरातल्या दुकानासाठी हवा आहे.

मोजा आता ड्रॉवरमध्ये आहे. सुताराला पुन्हा बोलावून सागवानी काठी करून घेतली, टोकाला कापड गुंडाळून, काचेला ओरखडा पडू नये म्हणून. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही.